परमुलूख, खेळाचें मैदान आणि पाहुणचार



सुट्टींत सहकुटुंब परदेशीं जावें आणि तेथें चार दिवस गोल्फ खेळून यावें, अशी हौस आपल्यांतील कांहीं सुखवस्तु घराण्यांना अलीकडे लागली आहे. ती मंडळी परत आल्यावर त्यांच्या तोंडून प्रवासाची हकीकत ऐकावी, म्हणजे एक गंमत ध्यानांत येते. चेंडू किती टोल्यांत कोणत्या खळग्यांत पडला, हें खेळणाऱ्यालाहि आठवड्यानें आठवत नाहीं. आठवतें तें निराळेंच. पावसांत भिजून आल्यावर घरधनिणीनें न विचारतां विस्तवाजवळ सरकवलेली खुर्ची आठवते. भाषा न समजणाऱ्या आजीबाईंना एका म्हाताऱ्या माळ्यानें खुणांनीं दाखविलेली फुलझाडें आठवतात. मुलांना आठवतो तो निघतेवेळीं हातांत दिलेला खाऊ. मैदान पुसट होतें आणि उंबरठा लक्षांत राहतो. असें कां होतें, हें पाहण्यासाठीं आज मी तुम्हांला प्रथम क्षणभर स्कॉटलंडांत आणि मग पुष्कळ वेळ आपल्याच पुणें जिल्ह्यांत, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या वाटेवर नेणार आहें.

गोल्फ हा खेळ स्कॉटलंडनें वाढविला. १४५७ सालीं तेथील दुसऱ्या जेम्स राजानें त्याला बंदी केली. लोक धनुष्यबाणाचा सराव टाकून चेंडूच्या मागें धांवतात, ही त्याची तक्रार होती. राजाज्ञा गेली आणि खेळ राहिला. सेंट अँड्रूज गांवाच्या समुद्रकांठीं एक वाळवंटी कुरण आहे. १५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन याला त्या कुरणांत ससे पाळावयाचे होते. गांवानें ती मुभा दिली, पण त्याच कागदांत कुरणावर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क त्याच्याकडून लेखी मान्य करून घेतला. पुढें १७९७ सालीं कर्जांत बुडालेल्या नगरसभेनें तें कुरण सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातीं दिलें. सशांनीं बिळें करून मैदानाची चाळण केली. चिडलेले गांवकरी ससे मारूं लागले. मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या वीसएक वर्षें चालल्या. १८२१ सालीं जेम्स चीप नांवाच्या शेजारच्या जमीनदारानें तें कुरण विकत घेऊन खेळासाठीं मोकळें ठेवलें, आणि १८९४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें तें पुनः गांवाचें झालें. तेथील सर्वांत जुन्या मैदानावर रविवारीं सहसा खेळ होत नाहीं. त्या दिवशीं गांवचीं माणसें मुलांबाळांसह त्यावर फिरावयास येतात.

आपल्याकडे हा खेळ इंग्रज अंमलदारांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. पण क्लब म्हटला म्हणजे त्याला सभासदांची यादी आली आणि फाटकावर पहारेकरी आला. सेंट अँड्रूजचें मैदान गांवाचें आहे. म्हणून तेथें जाणारा परका मनुष्य गांवाचा पाहुणा होतो. मैदान कोणाचें, या प्रश्नांतच पाहुणा कोणाचा, हा प्रश्न गुंतलेला आहे. एवढा धागा हातांत धरून आपण भीमेच्या खोऱ्यांत उतरूं.

सहकुटुंब घर सोडावें, पंधरा-अठरा दिवस परमुलूख तुडवावा, वाटेंत मोकळ्या माळावर खेळ मांडावा आणि अनोळखी माणसांच्या दारीं जेवावें, असा परिपाठ आपल्या महाराष्ट्रांत सवातीनशें वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. त्याला आपण सहल म्हणत नाहीं, वारी म्हणतों. वारकऱ्याला कोणी सहलीला निघालेला म्हटलें तर तो रागावेल, आणि त्याचा राग रास्त ठरेल. पण खेळ हा शब्द मात्र त्याच्या तोंडीं नेहमींचा आहे, आणि त्या खेळाचें मैदान बारामती-इंदापूरच्या मुलुखांत आहे.

हा मुलूख पाहुणचारासाठीं ईश्वरानें मुद्दाम निर्माण केला असें कोणी म्हणणार नाहीं. पश्चिमेकडील सह्याद्रि पाऊस अडवून धरतो आणि या बाजूला उरलेंसुरलें पाठवितो. कऱ्हेच्या कांठीं बारामती. दक्षिणेच्या अंगानें नीरा. उत्तरेस आणि पूर्वेस भीमा. आणि दोन्ही नद्या इंदापूर तालुक्याच्या टोंकाला नीरा-नरसिंहपुरास मिळतात. नद्यांचीं नांवें ऐकून शहरांतील मनुष्याला वाटावें कीं येथें पाण्याची चंगळ असेल. पण नदीपासून कोसभर आंत गेलें कीं कुसळांचा माळ लागतो. ज्या भीमथडीच्या तट्टांचें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत गाजलें, तीं याच उघड्या माळावर पोसलेलीं.

मुलूख कोरडा, पण वाट मोठी, म्हणून येथें पाहुणे फार आले, आणि सगळेच पोथीपुराण घेऊन आले नाहींत. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले. सालाविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं, स्थळाविषयीं बहुतेकांचें आहे. बारामतीच्या वायव्येस सुपें म्हणून गांव आहे. तेथें महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते कारभारावर होते. सभासदाच्या बखरींत सांगितलें आहे कीं, महाराज शिमग्याचें पोस्त मागण्याच्या निमित्तानें मामांकडे गेले आणि मामांना कैद करून त्यांची पागा व ठाणें घेतलें. भाच्यानें सणाला दारीं यावें, मामानें कांहीं हातावर ठेवावें, हा आपल्या घरचा रिवाज. त्या रिवाजाच्या आडून स्वराज्याचें एक ठाणें मिळालें, याचा मराठी मनाला अभिमानच वाटतो. तरी मामांच्या बाजूनें पाहिलें तर इतका महाग पडलेला पाहुणा दुसरा झाला नसेल.

याच्या अगदीं उलट जातीचा पाहुणा शंभर वर्षांनीं बारामतीला आला. १७२९ सालीं पन्हाळगडावर जन्मलेले मोरोपंत पराडकर हे गडावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंजवळ काव्य-शास्त्र शिकले. वडील रामाजीपंत बारामतीकर नाइकांच्या पदरीं राहिले. त्यांच्या मागोमाग वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास मोरोपंतहि बारामतीस आले आणि तेथलेच झाले. हे नाईक म्हणजे बाबूजी नाईक जोशी. पेशवाईंतील मोठे सावकार. त्यांचे बंधु आबाजी हे बाळाजी विश्वनाथांचे जांवई. सोयरीक असली तरी सलोखा नव्हता. १७४० सालीं पहिले बाजीराव वारल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावें म्हणून बाबूजींनीं खटपट केली, नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं त्यांची भीड घातली. पण शाहू महाराजांनीं वस्त्रें नानासाहेबांना दिलीं. राज्य चालविण्याची संधि हुकलेल्या या गृहस्थानें कऱ्हेकांठीं वाडा बांधला आणि त्या वाड्यांत एका कवीला पुराण सांगावयास बसविलें.

मोरोपंत बारामतींत चाळीस वर्षें राहिले आणि १७९४ सालीं तेथेंच वारले. संपूर्ण भारत आर्येंत उतरविलें; रामायणें तर शंभराहून अधिक रचलीं; ‘केकावली’ लिहिली. कविता एकूण पाऊण लाखाच्या घरांत जाते. त्या काळीं पुण्यांत मोठमोठे दरबार होते, आणि विद्वानाला पुण्याची ओढ असावी हें साहजिक. तरी हा मनुष्य आडवळणाच्या कसब्यांत आयुष्यभर राहिला, याचें श्रेय त्याच्या निरिच्छ स्वभावाला जितकें, तितकेंच घरच्यासारखें वागविणाऱ्या यजमानालाहि दिलें पाहिजे. यजमानाचें पेशवेपद हुकलें तें फारसें कोणाला ठाऊक नाहीं. त्याच्या घरच्या पुराणिकाचें नांव शाळेंतील प्रत्येक मुलानें ऐकलेलें असतें.

पण नाइकांचा पाहुणचार भरल्या कोठाराचा होता. ज्याच्याजवळ उद्याच्या भाकरीची खात्री नाहीं, त्याचा पाहुणचार पाहावयाचा तर पालखीच्या वाटेवर आलें पाहिजे.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं तुकोबांच्या पादुका पालखींत घालून देहूहून निघण्याची प्रथा पाडली. आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेऊन दोन्ही संतांची वारी त्या काळीं एकत्र जाई. एकोणिसाव्या शतकांत साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा यांनीं ज्ञानोबांचा सोहळा वेगळा काढला. तेव्हांपासून माउलींची पालखी सासवड-जेजुरीच्या अंगानें दिवे घाट चढून जाते आणि तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून बारामतीकडे वळते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहू सुटली म्हणजे उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर आणि नीरेकांठचें सराटी असे मुक्काम होत जातात. तिथीच्या वाढ-घटीप्रमाणें एखादा दिवस मागेंपुढें होतो, इतकेंच.

या व्यवस्थेचें मर्म पंचांगांत आहे. आपल्या घरीं पाहुणा येतो तो अवचित. म्हणून तर त्याला अतिथि म्हणतात. येथें पाहुण्याची तिथि ठरलेली असते, गांवहि ठरलेला असतो. अवचित आलेल्याला घरांत असेल तें वाढलें कीं भागतें. तिथीला येणाऱ्यासाठीं मात्र वर्षभर कांहींतरी बाजूला काढून ठेवावें लागतें. पिकलेल्या जोंधळ्यांतून दोन पायली निराळ्या ठेवावयाच्या, विहिरीचें पाणी ज्येष्ठापर्यंत पुरवावयाचें, आदल्या रात्रीं दळण उरकावयाचें. अमुक दिंडी अमक्याच्या ओसरीवर उतरते, हें आजोबांच्या वेळीं ठरलें तें नातवापर्यंत मोडत नाहीं. दिंडीतील माणसें बदलतात, घरांतील माणसें बदलतात. ओसरी आणि दिंडी यांचें नातें तसेंच राहतें. पूर्वी जात्यावर आणि आतां गिरणींतून आणलेल्या पिठावर, या साऱ्या व्यवहाराचा मुख्य भार स्त्रियांनीं उचललेला आहे. पहांटे तीनला उठून भाकऱ्या थापणाऱ्या या यजमानिणींचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत, आणि पाहुणचाराचा इतिहास लिहूं जाणाऱ्याला पहिली अडचण येते ती हीच.

बारामती सोडल्यावर काटेवाडी लागते. तेथें परीट समाजाचीं मंडळी धुतलेलीं धोतरें वाटेवर अंथरतात आणि पालखी त्या पायघड्यांवरून पुढें नेतात. मग मेंढपाळ आपला कळप घेऊन येतात आणि मेंढ्या पालखीभोंवतीं रिंगण धरून धांवतात. एरव्हीं दुसऱ्यांचे कपडे धुणारा त्या दिवशीं धुतलेलें वस्त्र देवाच्या वाटेवर पसरतो; ज्याचें सारें धन चार पायांवर चालतें, तो तें धनच पुढें करतो. बारामतीच्या वाड्यांत हें घडतें तर आपण त्याला राजेशाही स्वागत म्हटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं इंदापूर तालुक्यांतील बेलवाडीला पहिलें गोल रिंगण होतें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगतों. मैदानाच्या मध्यें पालखी ठेवतात. तिच्या सभोंवार दिंड्या वर्तुळानें उभ्या राहतात आणि त्यांच्या व बाहेरच्या गर्दीच्या मधोमध एक धांवपट्टी मोकळी सोडतात. प्रथम पताका खांद्यावर घेतलेले वारकरी धांवतात. त्यांच्यामागून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, मग गळ्यांत वीणा अडकविलेले विणेकरी, मग पखवाजवाले. ज्यांना आपण घरीं जिना चढतांना हात देतों, त्या वयाचीं माणसें येथें वर्तुळ पुरें करून येतात. शेवटीं दोन अश्व सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नसतें. ती जागा तुकोबांची. रिकाम्या खोगिराचा घोडा स्वाराच्या घोड्याला गांठतो तेव्हां एकच जयघोष उठतो, आणि अश्व गेल्यावर माणसें वाकून त्यांच्या टापांखालची धूळ कपाळाला लावतात.

त्यानंतर खरा खेळ रंगतो. फुगड्या, हुतूतू, एकमेकांच्या खांद्यांवर चढून रचलेले मनोरे, टाळांच्या ठेक्यावर घेतलेल्या उड्या. सासूच्या फुगडीला सून, आणि गांवच्या पाटलाच्या फुगडीला कोणी परगांवचा न्हावी. गोल्फांत म्हाताऱ्याला आणि पोराला एकत्र खेळतां यावें म्हणून हँडिकॅप नांवाची सवलत ठेवलेली आहे. तिची मला नेहमीं मौज वाटते. येथें गुणच मोजावयाचे नसल्यानें सवलतीचाहि प्रश्न उरत नाहीं. बेलवाडीनंतर इंदापूरला विद्यालयाच्या मैदानावर दुसरें रिंगण होतें, आणि तेथें गांवाबाहेरून गाड्या करून आलेलीं कुटुंबें मुलांना खांद्यावर घेऊन तें पाहतात.

आतां आपला पहिला प्रश्न: हें मैदान कोणाचें? इंदापूरच्या जमिनीचा इतिहास मोठा बोधक आहे. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या जमिनीचा सारा कागदावर काटेकोर ठरविला आणि तो प्रत्यक्षांत इतका जड झाला कीं, इंदापूर तालुक्यांत कुणब्यांनीं जमिनी टाकून दिल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि त्याच्या मागून विंगेट यांनीं याच तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. आपल्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर असतो, त्या पद्धतीचा पाया इंदापुरांत घातला गेला. तीस वर्षांसाठीं सारा हलका झाला, पडीत जमिनी उठल्या. मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास तो एकदम पुष्कळ वाढविण्यांत आला. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें चढलेले कापसाचे भाव कोसळले आणि कुणबी सावकाराच्या वहींत खोल रुतला.

१२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांचीं घरें आणि दुकानें फोडलीं. खतें आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून जे इतिहासांत नोंदले गेले त्यांची ठिणगी येथें पडली. माणसांवर हात फारसा पडला नाहीं. राग होता तो कागदावर. सुपें तें तेंच, जेथें मामांच्या दारीं भाचा पोस्त मागावयास आला होता. पुढच्याच वर्षीं, १८७६ सालीं, दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत पुरला. ज्या घराची भाकर सावकाराच्या वहींत गहाण, त्याच घराच्या ओसरीवर ज्येष्ठांत दिंडी उतरावयाची. हा मेळ त्या काळच्या माणसांनीं कसा घातला असेल, याची कल्पना करतांना मला इतिहासाच्या कागदांचा फारसा आधार सांपडत नाहीं. परंपरा तुटली नाहीं, हाच काय तो पुरावा.

या पाहुणचाराचें गुणगान करतांना त्याचीं बंद दारेंहि सांगितलीं पाहिजेत, नाहीं तर तो इतिहास न होतां आरती होईल. मैदानावर एकत्र नाचणाऱ्या माणसांच्या पंगती गांवांत निराळ्या बसत. पाणी कोणाच्या हातचें घ्यावयाचें, हें जात ठरवी. अस्पृश्य मानलेला वारकरी इतरांइतकेच कोस चालून पंढरीस येई आणि महाद्वाराबाहेर चोखोबांच्या समाधीपाशीं थांबे. ज्या देवाचे हे सारे पाहुणे, त्याच्याच घरीं त्याला मज्जाव होता. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राणांतिक उपोषण केलें, तेव्हां कोठें तें दार उघडलें. वाटेवरच्या घरांचीं दारें किती उघडलीं, हें घरागणिक निराळें आहे.

दुष्काळानें एक भलें केलें. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं या मुलुखांत आलें, आणि मागाहून भाटघरचें धरण झाल्यावर तें टिकाऊ झालें. माळाच्या एका अंगाला ऊंस उभा राहिला. इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसलें, साखरेचा कारखाना निघाला, बारामती व्यापाराची पेठ झाली. ओसरीच्या जागीं मांडव आले, मांडवाच्या जागीं मंडळें आलीं. आज हजारों माणसांचीं पानें एका वेळीं उठतात; पाण्याचे टँकर, दवाखाने, चर्मकारांनीं फुकट शिवून दिलेल्या वहाणा, न्हाव्यांनीं फुकट केलेली दाढी, सारें कांहीं असतें. मात्र एक भेद मला जाणवतो. मांडवांत जेवणाऱ्याला यजमानाचें नांव फलकावर वाचावें लागतें. ओसरीवर जेवणाऱ्याला तें वाचावें लागत नसे. समोर उभी राहून ‘आणखी एक घ्या’ म्हणणारी बाई त्याला पुढच्या वर्षीं ओळखीत असे. कालव्यानें अन्न वाढविलें यांत शंका नाहीं. कालव्याच्या टोंकाला जीं गांवें कोरडीं राहिलीं, तेथें मात्र जुनी ओसरी अजून अधिक जपलेली दिसते. याचा अर्थ दारिद्र्य चांगलें असा कोणी काढूं नये. त्या ओसरीवरच्या बाईला नळाचें पाणी मिळालें तर तिच्या पाहुणचारांत उणें कांहीं येणार नाहीं.

या साखळींत आमच्या काळांत एक मोठा खंड पडला. २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें पालखी पायीं निघालीच नाहीं. एकादशीच्या आदल्या दिवशीं, ३० जूनला, तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडींतून पंढरीस नेण्यांत आल्या. २०२१ सालींहि तसेंच झालें. काटेवाडीला पायघड्या पडल्या नाहींत, बेलवाडीच्या मैदानावर अश्व धांवले नाहींत. वारकऱ्यांच्या विरहाविषयीं त्या वेळीं पुष्कळ लिहिलें गेलें आणि तें योग्यच झालें. यजमानांचें दुःख मात्र थोड्यांनीं टिपलें. पाहुण्याला घरीं बसावें लागलें तर निदान तो स्वतःच्या घरीं असतो. तिथीला येणाऱ्यासाठीं दोन पायल्या बाजूला ठेवलेल्या घरांत त्या दिवशीं काय करावें, याचा विधि कोणत्याहि पोथींत सांगितलेला नाहीं. २०२२ सालीं पालखी पुनः चालत आली, तेव्हां गर्दी वाढलेली होती आणि उभयपक्षीं डोळे ओले होते.

दरम्यान वाटहि बदलली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं पालखी मार्गाच्या चौपदरी रस्त्याची पायाभरणी झाली; पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूज या अंगानें जाणारा हा मार्ग आहे, आणि पायीं चालणाऱ्यांसाठीं बाजूला निराळी वाट राखण्याची योजना त्यांत आहे. चिखल गेला, अपघाताचें भय कमी होईल, हें वारकऱ्याला हवेंच होतें. पण रुंद रस्ता आला म्हणजे कडेच्या जमिनीचा भाव चढतो. भाव चढला म्हणजे मोकळ्या तुकड्यावर कुंपण पडतें. सेंट अँड्रूजच्या गांवकऱ्यांना सशांपासून कुरण वांचवावयाला वीस वर्षें भांडावें लागलें, आणि शेवटीं कायदा करून घ्यावा लागला. रिंगणाच्या मैदानांना आजवर अशा कायद्याची गरज पडली नाहीं, कारण गांवाचा शब्द पुरेसा होता. बारामती-इंदापूरच्या ग्रामसभांनीं रिंगणाची जागा आणि पालखीतळ आपल्या दप्तरांत खेळासाठीं म्हणून पक्के नोंदवून ठेवावे, असें मला वाटतें. ज्या तालुक्यानें देशाला सर्व्हे नंबर दिला, त्याला एवढी नोंद जड जाऊं नये.

इंदापूरनंतरचा मुक्काम सराटीचा. येथें पुणें जिल्हा संपतो. सकाळीं पादुकांना नीरेंत स्नान घालतात, पालखी पुलावरून पलीकडे जाते, आणि अकलूजचे लोक पलीकडच्या कांठावर नव्या पाहुण्यांची वाट पाहत उभे असतात. अलीकडच्या कांठावरचे यजमान टाळांचा आवाज ऐकूं येईनासा होईपर्यंत थांबतात आणि मग माघारीं फिरतात. बाजरीच्या पेरणीचे ते दिवस असतात. बेलवाडीच्या मैदानावर घोड्यांच्या टापा अजून उमटलेल्या दिसतात. एखादी सर आली कीं त्या बुजून जातात, आणि शेजारच्या वावरांत पाभर चालू झालेली असते.